एका नावाच्या तीन जागा: लंडनच्या भुयारी रेल्वेचा इतिहास नकाशावर आणताना

पार्श्वभूमी

एका दिवाळी अंकाने रेल्वे विशेषांक काढायचं ठरवलं. अंकाच्या मधोमध घडी घालून बसेल असा मोठा रंगीत नकाशा संपादकांना हवा होता: लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासून कशी पसरत गेली ते एका कागदावर दिसावं. शिवाय तोच नकाशा वेबवर, खाली वर्षांची सरकपट्टी. पट्टी पुढे ओढली की रूळ उगवत जातील. अंकाचं नाव आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत.

काम तिघांकडे होतं. जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या भौगोलिक माहिती प्रणालीवर, नकाशे करणं हा माझा रोजचा व्यवसाय, त्यामुळे आखणी माझ्याकडे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका वर्षातले सहा महिने लेकीकडे लंडनला असतात. तारखा आणि प्रत्यक्ष जागा त्यांच्याकडे. तिसऱ्या ताई. उभी हयात ग्रंथालयात गेल्यामुळे त्यांच्या नजरेतून काना-मात्राही सुटत नाही, म्हणून नावं आणि पडताळणी त्यांच्याकडे. मे महिन्यात सुरुवात झाली. फायली छापखान्यात द्यायच्या होत्या ऑगस्टअखेर. मी संपादकांना म्हणालो होतो, "तीन आठवड्यांत देतो." हे वाक्य पुढे मला बऱ्याचदा ऐकवण्यात आलं.

तीन आठवडे उगाच म्हटलं नव्हतं. या रेल्वेच्या तारखा हव्या तेवढ्या मिळतात. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १० जानेवारी १८६३ ला, मेट्रोपॉलिटन रेल्वेने पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन स्ट्रीट हा सुमारे सहा किलोमीटरचा भुयारी मार्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी ३८ हजारांच्या आसपास माणसं बसली. इंजिनं वाफेची, त्यामुळे धूर बोगद्यातच. पद्धत सरळ होती: रस्ता उकरायचा, खंदकात रूळ टाकायचे, वर विटांची कमान बांधायची आणि रस्ता पुन्हा बुजवायचा. खोल जमिनीत ढालीच्या (माती कोसळू न देणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) आधाराने गोल बोगदा खणून विजेची गाडी चालवायला १८९० उजाडलं. पुढची स्टेशनं, पुढच्या लाइनी, सगळ्यांची दिनांकवार नोंद आहे. तेव्हा यादी करायची, ठिपके टाकायचे, रेघा ओढायच्या आणि रंग भरायचे, एवढंच काम आहे असं वाटलं.

पहिला प्रयत्न: जुने नकाशे गिरवणं

सर्वांत आधी आम्ही सोपी वाटणारी वाट धरली. वेगवेगळ्या वर्षांचे छापील खिसा-नकाशे स्कॅन करायचे, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक बिंदू धरून आजच्या लंडनवर बसवायचे आणि गिरवायचे. १९२० च्या दशकातल्या नकाशांपर्यंत हे कसंबसं जमलं, कारण ते बऱ्यापैकी भूगोल धरून काढलेले आहेत. मग १९३३ आला.

१९३३ च्या जानेवारीत हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने काढलेली भुयारी रेल्वेची आकृती छापली गेली. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेघा, शहराचा मध्य फुगवलेला, उपनगरं आत ओढलेली. प्रवाशाला गाडी कुठे बदलायची ते कळावं एवढाच तिचा हेतू, आणि तो तिने असा साधला की जगभरातल्या मेट्रोंनी तिचीच री ओढली. पण भूगोलावर ती बसत नाही. मी हट्टाने साठेक बिंदू देऊन बसवायला गेलो तर स्क्रीनवरचा कागद उन्हात वाळलेल्या पापडासारखा वाकडातिकडा झाला, आणि टेम्स नदीला जिथे वळण नाही तिथे वळण आलं.

त्याहून घातक गोष्ट ताईंनी पकडली. १९३० च्या दशकाच्या शेवटच्या नकाशांवर नॉर्दर्न लाइन एजवेअरच्या पुढे बुशी हीथपर्यंत गेलेली दिसते, "काम चालू" अशा खुणेने. महायुद्ध आलं, काम थांबलं, युद्धानंतर योजना गुंडाळली गेली. त्या स्टेशनांवर भुयारी रेल्वेची प्रवासी गाडी कधी आलीच नाही. मी मात्र ती रेघ गिरवून १९४० च्या लेयरमध्ये टाकून मोकळा झालो होतो. छापील नकाशात कंपनीने प्रवाशाला काय दाखवायचं ठरवलं ते असतं, आणि आम्ही त्यालाच जमिनीवरचं सत्य धरून चाललो होतो.

गिरवणं तिथेच सोडलं. आता एक्सेलचा तक्ता: प्रत्येक स्टेशनाची एक ओळ. रकाने असे: आजचं नाव, जुनं नाव, अक्षांश-रेखांश, सुरू झाल्याचं वर्ष, बंद झाल्याचं वर्ष, लाइन. जुन्या नावाचा रकाना ठेवला याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं होतं. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. इमारत तीच, फलाट तेच, पाटी बदलली. आमच्या डोक्यात नामांतर म्हणजे हेच होतं.

अडचण: चेअरिंग क्रॉस

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काका कच्चा वेब-नकाशा फोनवर उघडून लंडनमध्ये फिरत होते. त्यांनी पट्टी १९६० वर ठेवली आणि "चेअरिंग क्रॉस"च्या ठिपक्यावर जाऊन उभे राहिले. मग मला फोन.

"अरे, मी आत्ता स्ट्रँड रस्त्यावर उभा आहे, मोठ्या रेल्वे स्टेशनासमोर. तुझ्या नकाशात इथे १८७० पासून डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी येते."

"येते ना, काका. चेअरिंग क्रॉस, १८७०."

"डिस्ट्रिक्टची लाइन नदीकाठाने जाते रे. ती चढ चढून इथे कशी येईल?"

मी नकाशा मोठा करून पाहिला. डिस्ट्रिक्टची रेघ टेम्सच्या काठाने नीट येत होती, मग एकदम तंबूच्या खांबावर कापड ताणावं तशी वर, उत्तरेला जाऊन त्या ठिपक्याला शिवत होती आणि पुन्हा खाली नदीवर उतरत होती. हा उंचवटा मी आधीही पाहिला होता. अक्षांश-रेखांशाच्या दशांशात काहीतरी चुकलं असेल, शेवटी बघू, म्हणून सोडून दिला होता.

दोन दिवस खपून त्या परिसराचा जो जमाखर्च ताईंनी मांडला, तो असा.

नदीकाठी, आज जिथे एम्बँकमेंट स्टेशन आहे, तिथे डिस्ट्रिक्टचं स्टेशन १८७० मध्ये उघडलं. नाव चेअरिंग क्रॉस. १९०६ मध्ये त्याच जागी जमिनीत आणखी खाली बेकरलू लाइनचे फलाट आले. कंपनी वेगळी, म्हणून नाव वेगळं: एम्बँकमेंट. म्हणजे एका जागेला एकाच वेळी दोन नावं. १९१४ मध्ये हॅम्पस्टेड लाइन (आजच्या नॉर्दर्नचा एक भाग) तिथवर आली आणि खोलवरच्या फलाटांना चेअरिंग क्रॉस (एम्बँकमेंट) म्हणायला लागले. १९१५ मध्ये सगळ्यांचं मिळून चेअरिंग क्रॉस झालं. १९७४ मध्ये चेअरिंग क्रॉस एम्बँकमेंट. १९७६ पासून नुसतं एम्बँकमेंट.

तिथून चार-पाच मिनिटांच्या अंतरावर, मोठ्या रेल्वे स्टेशनासमोर, हॅम्पस्टेड लाइनचं टोकाचं स्टेशन १९०७ मध्ये उघडलं, तेही चेअरिंग क्रॉस नावानेच. १९१५ मध्ये त्याचं स्ट्रँड झालं. ज्युबिली लाइनच्या कामासाठी १९७३ मध्ये ते बंद केलं. १९७९ मध्ये उघडलं तेव्हा पुन्हा चेअरिंग क्रॉस.

त्याच्या जवळच बेकरलूचं ट्रॅफल्गार स्क्वेअर, १९०६ चं. तेही १९७९ मध्ये चेअरिंग क्रॉसमध्ये विलीन झालं.

आणि स्ट्रँड हे नाव १९१५ च्या आधी कुणाकडे होतं? पूर्वेला बऱ्याच अंतरावर पिकॅडिली लाइनच्या एका फाट्यावर, १९०७ मध्ये उघडलेल्या चौथ्याच स्टेशनाकडे. १९१५ मध्ये त्याचं नाव काढून घेऊन त्याला ऑल्डविच म्हटलं. महायुद्धात ते बंद करून लोकांना आसऱ्याला दिलं, ब्रिटिश म्युझियमच्या मौल्यवान वस्तूही तिथल्या बोगद्यात ठेवल्या. १९४६ मध्ये पुन्हा सुरू आणि १९९४ मध्ये कायमचं बंद.

आमच्या तक्त्यात या सगळ्याला दोन ओळी होत्या.

मुंबईच्या अनुभवाने आम्हाला "एक जागा, तीन नावं" पेलता येत होतं. इथे एक नाव वेगवेगळ्या काळात तीन जागी राहून गेलेलं होतं, आणि तक्त्याला ओळख फक्त नावाची. शिवाय "बंद" हा एकच रकाना. ऑल्डविच युद्धात बंद, मग चालू, मग पुन्हा बंद, हे त्यात बसणारच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

छपाईला साडेसहा आठवडे उरले होते. आम्ही तिघं आणि संपादक फोनवर बोललो. चर्चेत चार वाटा होत्या.

संपादकांचं म्हणणं, नकाशा फक्त कागदावर द्या, वेबचं पुढच्या वर्षी बघू. कागदावर प्रत्येक स्टेशनाला आजचं नाव आणि सुरू झाल्याचं साल एवढंच लिहायचं, म्हणजे भानगडच नाही. पण मग चेअरिंग क्रॉसपाशी १८७० लिहायचं, १९०६, १९०७ की १९७९? प्रश्न दडवला तरी सुटत नव्हता.

माझं मत होतं, तक्ता तसाच ठेवून तळटीपा द्याव्यात. मी दमलो होतो, हे त्याचं खरं कारण.

काकांना सगळं मुळापासून हवं होतं: प्रत्येक फलाट, प्रत्येक सांधा, प्रत्येक बोगदा. सिग्नलच्या माणसाला नकाशा म्हणजे यार्डाचा आराखडा. त्याला वर्ष पुरलं नसतं.

ताईंनी ग्रंथालयातली वाट सुचवली. "पुस्तकाला आपण दाखल अंक देतो ना, तो कधी बदलत नाही. बांधणी बदलते, कपाट बदलतं, कधी मुखपृष्ठावरचं नावसुद्धा बदलतं. जागेला नंबर दे. नाव ही त्या नंबरावर घडलेली घटना समज."

हेच ठरलं. संपादकांनी एक अट घातली: तारीख हलणार नाही. त्यामुळे सगळ्या स्टेशनांना हा उपचार करायचा नाही, ज्यांचं नाव कधी ना कधी बदललंय तेवढ्यांनाच करायचा, बाकीची जुन्या तक्त्यातून जशीच्या तशी उचलायची. त्या क्षणी ही तडजोड शहाणपणाची वाटली. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

काय केलं

एकाचे तीन तक्ते झाले. पहिल्यात जागा: एक नंबर आणि अक्षांश-रेखांश, बस्स. दुसऱ्यात रुळांचे तुकडे: या नंबरापासून त्या नंबरापर्यंत. तिसऱ्यात घटना: अमुक तारखेला अमुक नंबरावर काय झालं. उघडलं, बंद झालं, नाव पडलं, नाव गेलं, सेवा बदलली.

तुकड्यांचा तक्ता किती गरजेचा होता ते किंग विल्यम स्ट्रीटने दाखवलं. १८९० मध्ये सुरू झालेल्या सिटी अँड साउथ लंडन रेल्वेचं हे शहरातलं टोक. जमीनमालकांना भरपाई द्यावी लागू नये म्हणून त्या काळचे बोगदे शक्यतो रस्त्यांच्या खालून नेत. रस्ता वळला की बोगदाही वळायचा. इथे त्यामुळे नदीखालून वर येताना अशी वळणं आणि असा चढ आला की स्टेशन धड चालवता येईना. दहा वर्षांत, १९०० च्या फेब्रुवारीत, ते सोडून दिलं आणि बरो स्टेशनापासून नवे बोगदे काढून लाइन लंडन ब्रिज, बँकमार्गे मूरगेटला नेली. जुन्या तक्त्याने स्टेशनं क्रमाने जोडली असती तर नवा आणि जुना मार्ग एकमेकांत गुंतले असते. तुकडे वेगळे केल्यावर १८९९ वरून पट्टी १९०० वर नेली की एक शेपूट गळतं आणि शेजारून दुसरं फुटतं. काकांनी ते पंधरा वेळा मागेपुढे करून पाहिलं असेल. रस्त्यांखालून जाण्याच्या त्याच सवयीचा आम्हाला मात्र फायदा झाला. खोल बोगद्याची नेमकी आखणी हाताशी नसेल तिथे त्या काळच्या रस्त्यांचा नकाशा धरून चालता आलं.

तारखांचा वाद एका दुपारी मिटला. मेट्रोपॉलिटनचा समारंभ ९ जानेवारी १८६३ ला झाला, प्रवासी दुसऱ्या दिवशी बसले. सिटी अँड साउथ लंडनचं उद्घाटन प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते ४ नोव्हेंबर १८९० ला, पण तिकीट काढून माणूस बसला १८ डिसेंबरला. सेंट्रल लंडन रेल्वेचंही तसंच: २७ जून १९०० ला समारंभ, ३० जुलैपासून प्रवासी. दोन्ही तारखा नोंदवायच्या आणि नकाशाला प्रवाशांचीच तारीख धरायची, असं ठरलं. बंद होण्याची तारीख म्हणजे शेवटची गाडी धावली तो दिवस.

रंगांवरून मात्र खडाजंगी झाली. संपादकांना लोकांच्या ओळखीचे रंग हवे होते: सेंट्रल लाल, डिस्ट्रिक्ट हिरवी, सर्कल पिवळी. मी तसा एक नमुना काढलाही. त्यात १८८४ साली, जेव्हा आतलं वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा, सुंदर पिवळी अंगठी उमटली. दिसायला छान, पण खोटी. ते वर्तुळ मेट्रोपॉलिटन आणि डिस्ट्रिक्ट या एकमेकींशी सतत भांडणाऱ्या दोन कंपन्या मिळून चालवत. सर्कल ही वेगळी लाइन म्हणून नकाशावर दिसायला लागली १९४९ मध्ये. स्टॅनमोरच्या फाट्याचं तर विचारूच नका. १९३२ मध्ये तो मेट्रोपॉलिटनचा, १९३९ मध्ये बेकरलूचा, १९७९ मध्ये ज्युबिलीचा. त्याच रुळांना कुठला रंग द्यायचा?

"अहो, रुळाला रंग नसतो, गाडीला असतो," काका संपादकांना म्हणाले. वाद त्या वाक्यावर संपला. कागदावर रंग वयाप्रमाणे दिले, जुनं ते गडद तपकिरी आणि नवं ते फिकट निळं. वेबवर मात्र ज्या वर्षी जी सेवा धावत होती तिचा रंग.

हद्द कुठे आखायची हा प्रश्न मला अजूनही नीट सुटलेला वाटत नाही. वॉटर्लू अँड सिटी लाइन १८९८ पासून जमिनीखालून धावते, पण १९९४ पर्यंत ती मुख्य रेल्वेच्या मालकीची होती. फिन्सबरी पार्क ते मूरगेट हा १९०४ चा मार्ग उलट दिशेने गेला, १९७० च्या दशकात भुयारी रेल्वेकडून मुख्य रेल्वेकडे. टेम्सखालचा ब्रुनेलचा बोगदा १८४३ मध्ये उघडला तो पायी चालणाऱ्यांसाठी. त्यात गाडी आली १८६९ मध्ये, आणि २००७ नंतर तो मार्गही भुयारी रेल्वेतून निघून ओव्हरग्राउंड या लंडनच्या वेगळ्या उपनगरी रेल्वेत गेला. एलिझाबेथ लाइन २०२२ पासून शहराच्या पोटातून जाते आणि तरी भुयारी रेल्वेत मोजली जात नाही. उलट बाजूने पाहिलं तर ज्याला आपण भुयारी म्हणतो त्या ४०० किलोमीटरच्या जाळ्यातला निम्म्याहून जास्त भाग उघड्यावर आहे. आम्ही नियम केला: भुयारी रेल्वेने किंवा तिच्या पूर्वज कंपन्यांनी जिथे गाड्या चालवल्या तेवढं घ्यायचं, आणि तेवढ्याच वर्षांसाठी. मग वॉटर्लू अँड सिटीसाठी लगेच नियम मोडला आणि १८९८ पासून ती राखाडी रंगात दाखवली. वगळली असती तर वाचकाला वाटलं असतं की आम्ही विसरलो.

कागदाने वेगळीच अडचण केली. मेट्रोपॉलिटनच्या गाड्या १९३६ पर्यंत व्हर्नी जंक्शनला जात, म्हणजे बेकर स्ट्रीटपासून सुमारे ८० किलोमीटर दूर, शेताडीत. तेवढं दाखवायचं तर लंडनचा मध्य काडेपेटीएवढा होतो. आम्ही नकाशा कापला, कडेला बाण काढला आणि त्यावर व्हर्नी जंक्शनचं नाव लिहिलं.

उरली नावं. ताईंचा आग्रह होता, स्पेलिंगबरहुकूम लिहायचं नाही, उच्चाराप्रमाणेच लिहायचं. काकांच्या लेकीने एकेक नाव फोनवर म्हणून पाठवलं. होबर्न, सदक, लेस्टर स्क्वेअर. सदकचं स्पेलिंग वाचून कुणी "साउथवार्क" म्हणेल, आणि लंडनकर त्याच्याकडे बघत राहील.

निष्पत्ती

नकाशा ठरल्या दिवशी छापखान्यात गेला. वेबचा भाग दिवाळीच्या पाडव्याला उघडला.

वयाप्रमाणे रंग देण्याचा निर्णय आमच्या अपेक्षेबाहेर फळला. शहराच्या मध्यभागी एकाच छटेचा दाट गुंता दिसतो. बेकरलू मार्च १९०६, पिकॅडिली डिसेंबर १९०६, हॅम्पस्टेड जून १९०७: साडेपंधरा महिन्यांत तीन खोल लाइनी. तिन्हींच्या मागे चार्ल्स यर्कीझ या अमेरिकन भांडवलदाराने उभा केलेला पैसा, आणि तो स्वतः १९०५ च्या डिसेंबरात वारला, एकही उघडलेली न बघता. त्यानंतर मध्य लंडनमधून जाणारी नवी लाइन यायला १९६८-६९ ची व्हिक्टोरिया उजाडावी लागली. मधल्या काळातले रंग मध्यभागी जवळपास नाहीतच, सगळे कडेला, उपनगरांत. लाइनींचे नेहमीचे रंग दिले असते तर हे दिसलंच नसतं. संपादकांनीही नंतर ते मान्य केलं, जरा कुरकुरत.

उच्चारी नावांवर तक्रारी आल्या, आणि त्या रास्त होत्या. आमच्या नकाशावरचं स्टेशन लंडनच्या चालू नकाशावर शोधायचं तर वाचकाच्या हातात कुठलाच धागा नव्हता.

मोठा दणका जानेवारीत बसला. बदलापूरच्या एका वाचकाचं पत्र आलं. त्यांनी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनच्या सरकारी सर्वेक्षण खात्याचे) नकाशे उघडून आमच्या वेब-नकाशाशी ताडून पाहिले होते. प्रश्न एका ओळीचा: "१८६३ चं किंग्ज क्रॉस आणि आजचं किंग्ज क्रॉस तुमच्याकडे एकाच ठिकाणी कसं?"

ते एका ठिकाणी नाहीच. मेट्रोपॉलिटनचे मूळ फलाट १९४१ मध्ये सोडून दिले आणि पश्चिमेला नवे उघडले. आम्ही तपासलं काय होतं? नाव बदललेली स्टेशनं. इथे नाव तसंच राहिलं होतं आणि स्टेशन हललं होतं. मग शोध घेतला तेव्हा फॅरिंग्डनही सापडलं: १८६३ चं टोकाचं स्टेशन आणि १८६५ मध्ये लाइन मूरगेटकडे नेताना बांधलेलं आजचं स्टेशन यांची जागा वेगळी. टॉवर हिल मात्र नाव बदलल्यामुळे आमच्या चाळणीत अडकलं होतं आणि बरोबर उतरलं होतं. १८८२ ते १८८४ एवढंच चाललेलं टॉवर ऑफ लंडन स्टेशन, शेजारचं मार्क लेन, त्याचं १९४६ मध्ये झालेलं टॉवर हिल, आणि १९६७ मध्ये ते बंद करून पहिल्या जागी परत आलेलं टॉवर हिल. सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण बिनचूक, आणि साऱ्या इतिहासाची सुरुवात जिथून झाली त्या पहिल्या लाइनीवर दोन चुका. वेबवर त्या दुरुस्त केल्या. छापलेल्या कागदाचं काही करता येत नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

डिस्ट्रिक्टचा तो उंचवटा दिसला त्याच दिवशी मी हात थांबवायला हवा होता. काकांचा फोन येण्याआधी निदान तीन आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोर होता. नदीकाठाने उकरून नेलेली लाइन मध्येच टेकाड चढत नाही, एवढं कळायला रेल्वेचं ज्ञान लागत नाही.

जागेला नंबर देण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून, सगळ्या स्टेशनांसाठी हवी होती. निम्म्यांना ती आणि निम्म्यांना जुनी, हा निर्णय वेळेच्या दबावाखाली घेतला. वेळेचा हिशोब आज मांडला तर सगळी स्टेशनं नव्याने भरायला आणखी बारा-पंधरा दिवस लागले असते. ते दिवस रंगांच्या वादात गेले. चाळणी लावायचीच होती तर ती नावावर लावण्याऐवजी जागेवर लावायला हवी होती. मोठ्या प्रमाणावरचे जुने सर्व्हे नकाशे दर वीस-तीस वर्षांनी एक असे घेऊन प्रत्येक ठिपका त्यावर तपासायचा. बदलापूरच्या वाचकाने एका संध्याकाळी तेच केलं.

कागद एक न घेता दोन घेतले असते: मध्य लंडन पुढच्या बाजूला, सगळा पसारा मागच्या बाजूला. त्या बाणावर व्हर्नी जंक्शनला ढकलून देणं काकांना अजून खटकतं. प्रत्येक स्टेशनाशेजारी जागेचा नंबर छापला असता तर उच्चारी नावांचीही सोय झाली असती. नंबर आमच्याकडे होतेच, छापायचं सुचलं नाही.

एका मुद्द्यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. बुशी हीथची न झालेली लाइन आम्ही पूर्ण गाळली. ताईंच्या मते ते चूक होतं. तिथे गाडी आली नाही हे खरं, पण ती येणार या भरवशावर त्या काळात माणसं नकाशा बघत होती, आणि तेही इतिहासातच धरायला हवं. काका म्हणतात, ज्या रुळावर गाडी धावली नाही तो रूळ नव्हे. घटनांच्या तक्त्यात सध्या त्या ओळी आहेत, पिवळ्या रंगवून ठेवलेल्या, नकाशावर न उमटणाऱ्या.

गेल्या महिन्यात काकांनी मुंबईच्या भुयारी मेट्रोचा, तीन नंबर मार्गिकेचा, तक्ता सुरू केला. पहिल्या टप्प्याच्या ओळीत उद्घाटनाच्या रकान्यात ५ ऑक्टोबर २०२४ आहे आणि प्रवाशांच्या रकान्यात ७ ऑक्टोबर २०२४. जागांचे नंबर त्यांनी सगळ्यांत आधी भरले. नावांचा रकाना त्यांनी चांगला रुंद ठेवला आहे.